वळणावळणाने चढलेलं ओझं

माथेरानची मिनी ट्रेन आपण मुलांना दाखवतो, पण ती कुणी सुरू केली हे सांगायचं राहून जातं. मुंबईच्या अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडील सर आदमजींच्या पाठबळाने सुमारे १६ लाख रुपये खर्चून हा मार्ग बांधला. १९०७ मध्ये गाडी धावली. दोन रुळांमधलं अंतर अवघं २ फूट. सरळ चढ इंजिनाला झेपला नसता, म्हणून घोड्याच्या नालेसारखी वळणं घेत सुमारे २० किलोमीटरची वाट आखली. तरीही काही ठिकाणी २० फुटांमागे १ फूट चढ आहेच.

मोटारी आजही दस्तुरीलाच थांबतात. पुढे ओझं हमाल आणि घोडे वाहतात. चालता न येणाऱ्या दादी-नानींना मात्र अमन लॉजहून हीच गाडी आधार देते. तिच्यात बसताना पीरभॉयांचं नाव मुलांना जरूर सांगू या.