ब्लॅक फंगस : रोज श्वासातून आत जाणारी बुरशी काही जणांच्याच जिवावर का उठते?

मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट पुरती ओसरलीही नव्हती, तेवढ्यात महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत वेगळ्याच तक्रारींचे रुग्ण वाढू लागले. कोरोनातून बऱ्या झालेल्या लोकांचा चेहरा सुजत होता, दात हलत होते, नजर अधू होत होती. काहींचा डोळा काढावा लागला, काहींचा वरचा जबडा. हाच तो म्युकरमायकोसिस, म्हणजे 'ब्लॅक फंगस'.

ही बुरशी येते कुठून?

ती नवी नाही. ऱ्हायझोपस कुळातल्या या बुरश्या मातीत, कुजक्या पालापाचोळ्यात, शेणखतात असतात. शिळ्या पावावर येणारी बुरशीही याच कुळातली. त्यांचे बीजाणू हवेत तरंगतात आणि आपण ते श्वासावाटे आत घेतो.

मग सगळ्यांना आजार का होत नाही?

शरीराची ३७ अंशांची ऊब बहुतेक बुरश्यांना सोसत नाही. ऱ्हायझोपसच्या काही जातींना ती सोसते. पण पुढे पांढऱ्या पेशी बीजाणूंना अडवतात. शिवाय बुरशीला वाढायला लोह लागतं आणि रक्तातलं लोह ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं.

मधुमेहात काय बिघडतं?

साखर खूप वाढली की पांढऱ्या पेशी मंदावतात. किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये रक्त आम्लधर्मी होतं, ट्रान्सफेरिनची पकड सुटते आणि लोह मोकळं होतं. त्याच वेळी रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींवर जीआरपी७८ हे प्रथिन वाढतं. बुरशी नेमकी त्यालाच चिकटते आणि रक्तवाहिनीत घुसते. तिथे गुठळी होते, रक्तपुरवठा थांबतो, ऊती मरून काळ्या पडतात. 'ब्लॅक' हा रंग बुरशीचा नाही, मेलेल्या ऊतींचा आहे.

रक्तच पोहोचत नाही, तिथे औषध कसं पोहोचणार? म्हणूनच अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसोबत मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो.

कोरोनातच एवढे रुग्ण का?

ऑक्सिजनवरच्या रुग्णांना स्टिरॉइडने वाचवलं. पण ते प्रतिकारशक्ती दाबतं आणि साखरही वाढवतं. गरज नसताना किंवा जास्त दिवस घेतलं, की बुरशीसाठी दोन्ही दारं उघडतात.

हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. मात्र मधुमेह असेल किंवा स्टिरॉइड चालू असेल आणि चेहऱ्याच्या एकाच बाजूला सूज, बधिरपणा, नाकातून काळपट स्राव किंवा दोन-दोन दिसणं जाणवलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. इथे एकेक दिवस महत्त्वाचा असतो.