टोपणनाव आणि खरं नाव

कचेरीच्या फायलीत ‘पद’ म्हणजे हुद्दा, भजनाच्या वहीत ‘पद’ म्हणजे गाणं. एक्सएमएलमध्येही एकाच शब्दाचे दोन मालक भेटतात. ते वेगळे ओळखता यावेत म्हणून १९९९ साली डब्ल्यूथ्रीसीने नेमस्पेसचा नियम आणला: टॅगला एक घराणं देता येतं, आणि ते बहुधा वेबपत्त्यासारखं दिसणारं.

जावात वस्तूचं एक्सएमएल करण्याचं काम जॅक्सबी करते. समजा, ‘बीजक’ वर्गावर नेमस्पेस लिहिला. बाहेर आलेल्या मजकुरात बीजकाच्या टॅगला ‘एनएस२’ हा उपसर्ग दिसतो, पण आतली ‘रक्कम’ मात्र बिनघराण्याची. कारण वर्गावरची नोंद फक्त मूळ टॅगपुरती असते. समोरची यंत्रणा घराण्यासकट रक्कम शोधते, तिला ती सापडत नाही. तिकडेही जॅक्सबी असेल तर बहुतेकदा त्रुटीसुद्धा येत नाही. रकमेची जागा गुपचूप रिकामी राहते. हा गप्प बिघाडच सर्वांत घातक.

उपाय छोटा आहे. पॅकेजच्या ‘पॅकेज-इन्फो’ फाइलीत नेमस्पेस द्यायचा आणि ‘एलिमेंट फॉर्म डिफॉल्ट’ला ‘क्वालिफाइड’ म्हणायचं.

‘एनएस२’ दिसला म्हणून घाबरून उपसर्ग बदलत बसण्यात मात्र दिवस वाया जातो. उपसर्ग हे टोपणनाव; खरी ओळख तो पत्ता. तो अक्षर न् अक्षर जुळावा लागतो. शेवटची एक तिरकी रेघ जास्त झाली किंवा ‘एचटीटीपी’चं ‘एचटीटीपीएस’ झालं, की घराणं बदललं.

जुन्या प्रकल्पांत आणखी एक जागा तपासावी. जकार्ता ईई ९पासून जॅक्सबीच्या पॅकेजचं नाव ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागलं; नवी लायब्ररी जुन्या नोंदींकडे पाहतच नाही.