फाळाचा गंज

नांगरट आटोपली की फाळ पुष्कळदा मातीसकट गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहतो. लोखंड, पाणी व प्राणवायू यांचा संयोग होऊन गंज बनतो; कोरड्या हवेत तो सहसा चढत नाही. खतांतील क्षारांमुळे ही क्रिया जलद होते. गंजाचा थर सच्छिद्र असून पापुद्रे होऊन सुटतो, त्यामुळे आतील लोखंड पुन्हा उघडे पडते. अशा खरबरीत फाळास माती चिकटते व बैलांवर अधिक ताण येतो. म्हणून काम संपताच फाळ, वखराची पास व कोळप्याची पाती धुऊन, पुसून, पूर्ण वाळवावीत. चढलेला गंज खरवडून काढावा. नंतर तेलाचा किंवा ग्रीजचा हात फिरवून अवजारे ओलीपासून दूर, उंच जागी टांगावीत.