न्यूरेंबर्गचा नाताळ बाजार : गावाच्या नावाची किंमत

जर्मनीतील न्यूरेंबर्गचा किल्ला आणि चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचे घर पाहून खाली उतरले की मुख्य चौक लागतो. नाताळच्या आधीचे सुमारे चार आठवडे येथे बाजार भरतो. लाकडी दुकाने, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे कापड. बाजाराचा सर्वांत जुना लेखी पुरावा १६२८ चा आहे.

सुक्या आलुबुखाऱ्यांच्या बाहुल्या आणि दालचिनी-लवंग घातलेली लेबकुखेन ही येथील खास चीज. उंची लेबकुखेनमध्ये बदाम-अक्रोडासारखा मेवा किमान २५ टक्के लागतो, पीठ १० टक्क्यांहून जास्त चालत नाही. १९९६ पासून युरोपीय कायद्याने शहराबाहेर भाजलेल्या मालावर न्यूरेंबर्गचे नाव घालता येत नाही. त्यामुळे स्वस्त नकलेपुढेही येथील भट्ट्या टिकून आहेत.

मुस्लिम प्रवाशाने मात्र खाताना चौकशी करावी. येथील प्रसिद्ध सॉसेज डुकराच्या मांसाचे असते आणि गरम पेयात बहुधा दारू असते. मुलांसाठीचे बिनदारूचे पेय वेगळे मिळते.

आपल्या मिरजेच्या सतारीला २०२४ साली असेच भौगोलिक मानांकन मिळाले. कारागीर बांधवांनो, मानांकनाचा कागद कपाटात राहिला तर कमाई नक्कल करणाऱ्याची होते. नाव आपले आहे, ते मालावर लावा आणि दर्जाही तसाच राखा.