गहुंज्याचं मैदान

उर्से टोलनाका मागे पडला की मुंबईहून येणाऱ्या गाडीतल्या क्रिकेटवेड्या माणसाची मान आपोआप उंच होते. घोरावडेश्वराचा डोंगर, उरलीसुरली शेतं, नव्या इमारतींची दाटी आणि त्यांच्यामधून डोकं वर काढणारी ती पांढरी छतं. या मैदानाचं अधिकृत नाव महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन स्टेडियम. इतकं लांबलचक नाव मी पुण्यात कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. 'गहुंज्याला मॅच आहे', 'गहुंज्याची तिकिटं मिळाली का?', 'गहुंज्याचं पिच फिरणार' असंच सगळे बोलतात. मावळ तालुक्यातल्या, पवनेजवळच्या एका लहानशा गावाचं नाव असं क्रिकेटच्या बोलण्यात रुळलं, आणि ते पाटीवर कधीच नव्हतं.

माझ्याकडे बिस्किटांच्या जुन्या डब्यात जपून ठेवलेली दोन तिकिटं आहेत. एक डिसेंबर २०१२ चं, दुसरं जानेवारी २०१७ चं. मैदान तेच, पण छापलेली नावं वेगळी. पहिल्यावर सुब्रत रॉय सहारा स्टेडियम, दुसऱ्यावर असोसिएशनचं नाव. तिकिटामागे तारीख, सोबत कोण होतं आणि कुठे सामना पाहिला हे लिहून ठेवायची मला शाळेपासूनची सवय. दोन्ही तिकिटांमागे मी 'गहुंजे' एवढंच लिहिलंय.

मैदानाची गोष्ट सुरू होते पुण्यात, स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियममध्ये. १९९६ च्या विश्वचषकात २९ फेब्रुवारीला केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं, ते तिथे. पण ते मैदान महापालिकेचं. सामन्याच्या तिकिटांच्या वाटपावरून महापालिका आणि क्रिकेट असोसिएशन यांच्यात बिनसलं आणि असोसिएशनने स्वतःचं मैदान उभारायचं ठरवलं. मुंबईचा इतिहासही असाच आहे. ब्रेबॉर्नवरच्या जागांच्या वाटपावरून वाद झाला, म्हणून हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं. आपल्याकडची दोन मोठी मैदानं तिकिटांच्या भांडणातून जन्मली, हे मला कायम लक्षात राहतं. प्रेक्षकाला बसायला जागा कुठे आणि किती, या प्रश्नाला या खेळात एवढं वजन आहे.

गहुंज्याचा आराखडा इंग्लंडचे वास्तुरचनाकार मायकेल हॉपकिन्स यांच्या संस्थेने केला. लॉर्ड्सवरचा तंबूसारख्या छतांचा माउंड स्टँड त्यांचाच. साधारण ३७ हजार प्रेक्षक बसतील एवढं हे मैदान. डिसेंबर २०११ मध्ये इथे पहिला रणजी सामना झाला आणि १ एप्रिल २०१२ रोजी तेव्हाचे आयसीसीचे अध्यक्ष शरद पवार यांच्या हस्ते उद्‍घाटन झालं. त्यानंतर आठवड्याभरात आयपीएल आली. पुणे वॉरियर्स हा संघ सहारा समूहाचा, भारतीय संघाच्या जर्सीवर नाव सहाराचं, आणि आता मैदानही त्यांच्याच नावाचं. नावाचे हक्क दोनशे कोटींच्या घरात गेल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या.

या नावात एक गोष्ट खटकणारी होती. कंपन्या सहसा कंपनीचं नाव देतात. इथे मालकाचं नाव होतं, आणि तेही हयात माणसाचं. पुणे वॉरियर्सची मालकी सोडली तर पुण्याशी किंवा महाराष्ट्राच्या क्रिकेटशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाचं नाव असं समोर आलं, तरी लोकांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी ते नाव उच्चारलंच नाही. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना कोट्यवधी लहान ठेवीदारांचे सुमारे २४ हजार कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. चार महिन्यांच्या आत, २० डिसेंबरला, भारत-इंग्लंड हा इथला पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. युवराजने तीन बळी घेतले, ३८ धावा केल्या, भारत पाच गडी राखून जिंकला. त्या रात्री गॅलरीत 'युवी, युवी' एवढाच घोष होता.

२०१३ साली पुणे वॉरियर्स हा संघ आयपीएलमधून बाहेर पडला. नावाच्या कराराचे पैसे थकल्यावरून असोसिएशन आणि सहारा यांच्यात वाद झाला, मैदानावरची अक्षरं झाकली गेली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि पुढे ते नाव उतरलं. झाकलेली अक्षरं पाहताना मला वाईट वाटलं होतं. त्या नावाची हळहळ नव्हती. आपलं मैदान कुणाच्या तरी थकलेल्या हप्त्याचं गहाणखत झालंय, हे खुपत होतं.

पैशासाठी नाव देणं नवं नाही, हे मान्य केलं पाहिजे. ब्रेबॉर्न स्टेडियमच्या जागेचा किस्सा प्रसिद्ध आहे. क्रिकेट मंडळाचे अँथनी डिमेलो यांनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांना विचारलं, म्हणे, सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व? चर्चगेटजवळची समुद्र हटवून मिळवलेली जमीन क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला स्वस्तात मिळाली आणि १९३७ मध्ये उघडलेल्या मैदानाला गव्हर्नरांचं नाव लागलं. वानखेडेंचं नाव लागलं तेव्हा शेषराव वानखेडे मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष होते. म्हणजे तीही नावं अगदी निर्मळ हेतूने आलेली नाहीत. तरी आज 'वानखेडे' म्हटल्यावर माणूस डोळ्यांसमोर येत नाही. येतो २ एप्रिल २०११ चा धोनीचा षटकार. नाव सामन्यांनी झिजत झिजत मैदानाचं होतं, आणि त्यासाठी त्याला चाळीस-पन्नास वर्षं एका जागी टिकावं लागतं. कराराच्या नावाला ती सवड नसते. मुदत संपली की पाटी उतरते.

हॉपकिन्स यांचंच दुसरं मैदान इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनजवळ आहे. २०२१ च्या कसोटी विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने आपल्याला हरवलं, ते मैदान. ते बांधलं तेव्हा रोझ बोल होतं, २०१२ मध्ये एका विमा कंपनीचं झालं, २०२४ मध्ये एका वीज कंपनीचं. न्यूकॅसलच्या फुटबॉलप्रेमींनी मात्र हे मुकाट सोसलं नाही. त्यांच्या शतकभर जुन्या सेंट जेम्स पार्कला २०११ मध्ये मालकाच्या खेळसाहित्याच्या दुकानांचं नाव दिलं गेलं. लोक इतके चिडले, की पुढच्याच वर्षी नव्या प्रायोजकाने हक्क विकत घेतले आणि पहिली घोषणा केली ती जुनं नाव परत लावण्याची.

आपल्याकडे असा उद्रेक होत नाही, कारण आपण लहानपणापासून सगळं प्रायोजित बघत आलोय. चौकार प्रायोजित, झेल प्रायोजित, रणनीतीसाठी घेतलेली विश्रांतीही प्रायोजित. अहमदाबादच्या मैदानावर तर गोलंदाजीच्या दोन्ही टोकांना उद्योगसमूहांची नावं आहेत. त्यावर माझी तक्रार नाही. मैदानाची निगा, पिचवरची माणसं, मुलांच्या निवड स्पर्धा या सगळ्याला पैसा लागतो आणि तो तिकिटांतून निघत नाही. टोकं विका, स्टँड विका, धावफलक विका. पण ज्या एका शब्दाने माणूस आपली आठवण सांगतो, तो शब्द विकू नये असं मला मनापासून वाटतं.

ती आठवण काय असते, हे मी १५ जानेवारी २०१७ ला पाहिलं. इंग्लंडच्या ३५० धावा, आपले चार बाद ६३. पूर्णवेळ एकदिवसीय कर्णधार म्हणून कोहलीचा पहिलाच सामना. शेजारच्या रांगेतले एक काका टोपी सावरत उठायच्या बेतात होते. तेवढ्यात केदार जाधव आला. पुण्याचा पोरगा, घरचं मैदान. ६५ चेंडूंत शतक, कोहलीसोबत २०० धावांची भागीदारी. पायात गोळे येत होते तरी मारत राहिला, ७६ चेंडूंत १२० करून गेला. ते काका पुन्हा बसले ते थेट विजयानंतरच उठले, आणि जिन्यात अनोळखी माणसांना सांगत सुटले, "अरे, याचे ३२७ पण मी इथेच बघितलेत!" नोव्हेंबर २०१२ मधली उत्तर प्रदेशविरुद्धची ती रणजीतली खेळी. नोंदवहीत ३२७ एका नावाच्या मैदानावर आहेत आणि १२० दुसऱ्या. काकांच्या 'इथेच'ला त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं.

त्यानंतर इथे पुष्कळ काही झालं. पुढच्याच महिन्यात पहिली कसोटी आली, ओकीफने १२ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाने आपल्याला तीन दिवसांत धूळ चारली. २०१८ मध्ये चेन्नईचा संघ कावेरीच्या वादामुळे इथे खेळायला आला, तेव्हा खास आगगाडीने आलेले पिवळे शर्ट स्टेडियमभर पसरले. २०१९ मध्ये कोहलीचे नाबाद २५४. २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या सँटनरचे १३ बळी आणि बारा वर्षांनी घरच्या मैदानावर गमावलेली मालिका. ती आणखी बोचते ती इथली कसोटी तीन दिवसांतच हरल्यामुळे.

शेवटची लोकल गाठायची म्हणून आम्ही बेगडेवाडीच्या दिशेने पायी निघतो, तेव्हा वाटेत गावातल्या घरांच्या ओट्यांवर माणसं बसलेली असतात. सामना त्यांनी टीव्हीवर आणि खिडकीतून येणाऱ्या आवाजावर एकदमच पाहिलेला असतो. मागच्या खेपेला एका आजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "कुठून आलात?"

"पुण्यातून, आजी. मॅचला."

"आमच्या मैदानावर?" त्या म्हणाल्या.