एकाच नावाची दोन गावे

वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची दोन ठिकाणे आहेत. वर्धा शहराला लागून आहे ती सिंदी (मेघे). आणि सेलू तालुक्यात, नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे ती सिंदी (रेल्वे). पाकिटावर 'सिंदी, जिल्हा वर्धा' एवढेच लिहिले, तर टपाल नेणाऱ्याने कोणती वाट धरावी? देशभर होणारे असे घोटाळे टाळण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिनकोड सुरू झाला.

माणसाला जी अडचण येते, तीच संगणकालाही येते. संगणकाला आज्ञा देण्यासाठी ज्या भाषा आहेत, त्यांत 'गो' ही एक होय. रॉबर्ट ग्रिसेमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी २००७ मध्ये गूगल या कंपनीत तिची आखणी आरंभिली व २००९ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. या भाषेत माहिती साठविण्याची 'मॅप' नावाची एक सोय आहे. मॅप म्हणजे किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्यांचा संग्रह. किल्ली सांगताच संगणक तिच्यावरून एक ठरावीक गणित करतो आणि मूल्य कोणत्या कप्प्यात आहे ते काढतो. सारी वही पहिल्या पानापासून चाळण्याचे श्रम त्यामुळे वाचतात.

समजा, उन्हाळ्यात गावोगावचे चालू हातपंप मोजून मॅपमध्ये नोंदविले. गावाचे नाव ही किल्ली आणि पंपांची संख्या हे मूल्य. सिंदी (मेघे) येथील संख्या 'सिंदी' या किल्लीखाली लिहिली आणि मागाहून दुसऱ्या सिंदीची संख्याही त्याच किल्लीखाली लिहिली, तर काय होईल? एका किल्लीला एकच मूल्य असते. म्हणून पहिली संख्या पुसली जाईल आणि संगणक त्याविषयी चकार शब्द काढणार नाही! यास्तव किल्ली पूर्ण व निःसंदिग्ध असली पाहिजे.

आता ज्या गावांत पाचांहून कमी पंप चालू आहेत, तेवढीच निवडावयाची आहेत. त्यासाठी एकेक जोडी पाहावी, अट लावावी आणि अटीत बसणारी जोडी नव्या मॅपमध्ये ठेवावी. यालाच माहितीची चाळणी म्हणतात. मॅपमधील जोड्या ठरावीक क्रमाने बाहेर येत नाहीत. म्हणून यादी अकारविल्हे हवी असल्यास किल्ल्या वेगळ्या काढून त्यांचा क्रम लावावा लागतो.

परंतु ज्या गावाची मोजणीच झाली नाही, ते गाव या चाळणीत मुळी येतच नाही. त्या गावाविषयी मॅपला विचारले, तर उत्तर मिळते 'शून्य'. जेथे सर्व पंप बंद आहेत, त्या गावाचे उत्तरही शून्यच! हा भेद कळावा म्हणून गो भाषेत मूल्यासोबत दुसरे उत्तरही मागता येते: ही किल्ली मॅपमध्ये आहे की नाही? 'आहे' असे उत्तर आल्यास शून्य खरे. त्या गावी पाण्याचा टँकर पाठवावा. 'नाही' असे आल्यास तेथे प्रथम मोजणी करणारा माणूस पाठवावा.

हे दुसरे उत्तर मागण्यास एक शब्द अधिक लिहावा लागतो. तो लिहिण्याचा आळस केला, तर न मोजलेल्या गावाची तहान कोणाच्याच यादीत येत नाही.