दोष कारागिराचा की व्यवस्थेचा?

भिवंडीत यंत्रमागावरून उतरलेला तागा तपासणीला जातो, तेव्हा त्यातला दोष दिसतो; पण तो घडलेला असतो आधीच. सायझिंगमध्ये सुताला खळ नीट बसली नसेल तर मागावर तार वारंवार तुटते. बोल मात्र मागावर उभ्या असलेल्या कारागिराला.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग १९५० पासून जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे देत होते. अखेरच्या तपासणीने माल सुधारत नाही, ज्या व्यवस्थेतून तो निघतो ती सुधारावी लागते, हे त्यांचे मुख्य म्हणणे. त्यांच्या व्याख्यानांत एक खेळ असे. पेटीत ४००० मणी, त्यांतले ८०० लाल. पन्नास खाचांची फळी बुडवून फक्त पांढरे मणी काढा, असा हुकूम. लाल यायचेच. मग जास्त लाल काढणाऱ्याला दटावायचे, कमी काढणाऱ्याला शाबासकी! पेटीत लाल मणी घातले कोणी, हे विचारायचे नाही.

आपल्या महाविद्यालयांत परीक्षा हीच अखेरची तपासणी असते. त्याऐवजी तिसऱ्या आठवड्यातच वर्गाकडून गुणांविना चार ओळी लिहून घ्या. साठांतले चाळीस एकाच जागी अडखळले तर दोष चाळिसांचा नव्हे. पाठाचा, पुस्तकाचा किंवा माध्यमाचा आहे. मराठी, उर्दू शाळेतून आलेल्या मुलापुढे वाणिज्याचे इंग्रजी पुस्तक एकदम टाकले तर तार तुटणारच. रात्रपाळी करून येणारा पहिल्या तासाला दिसत नसेल तर त्याला आळशी ठरवण्याआधी वेळापत्रक पाहावे. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. बदलले ते वेळापत्रक!

मात्र कारखान्याची उपमा एका जागी थांबवली पाहिजे. कारखानदार वाईट सूत परत पाठवू शकतो. महाविद्यालयाने तेच केले, म्हणजे कमी टक्क्यांची पोरे दारातच गाळली, तर निकाल झळकेल. पण शिकवणे तसूभरही सुधारलेले नसेल. १९९४ साली नॅक स्थापन झाली, पुढे महाविद्यालयांत गुणवत्ता कक्षही आले. समिती यायच्या आधी भिंती रंगवून फायली भरणे ही त्यांची ठिकठिकाणी झालेली गत प्राध्यापक मंडळी जाणतातच.

निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढतात. अधेमध्ये गळालेला तीत कुठेच नसतो. म्हणून मोजणी प्रवेशाच्या दिवसापासून करावी: पहिल्या वर्षाला नाव घातलेल्यांपैकी पदवीपर्यंत किती पोचले, आणि उरलेले कोणत्या महिन्यात, कशापायी गेले.